हेमलताबाईंचं बंद दार

दिल्लीत करोल बागेतल्या आम्हा मराठी मंडळींत एकदा कुजबुज उठली, की मेसवाल्या हेमलताबाई परीक्षेच्या पोरांबरोबर दार लावून दारू पितात. उठवली कुणी म्हणता? अहो, एवढं खमंग काम माझ्याखेरीज कोण करणार.

बाई मूळच्या साताऱ्याच्या. नवरा प्यायला की तापायचा. पंधरा वर्षं त्याला सांभाळून सांभाळून त्या पक्क्या झाल्या होत्या. तो गेल्यावर मेस काढली. वीसेक पोरं जेवायची, त्यावरच त्यांचं घर चालायचं.

आमची एक खोड होती. युपीएससी देणाऱ्या प्रत्येकाला आधीपासूनच 'कलेक्टर' म्हणायचं. निकालाच्या दुपारी मी जेवत होतो आणि धीरज आला. पाचव्यांदा नापास, त्यात प्यायलेला. मला दिसलं नाही असं नाही, पण जीभ सवयीची.

"या कलेक्टरसाहेब, बसा."

त्यानं माझ्यावर खुर्ची उचलली.

"अरे, तात्यांवर हात उगारतोस? शरम कर यार," पोरं त्याच्याभोवती जमली. तो आणखीच पेटला.

बाईंनी खुर्ची हिसकावली नाही, आवाजही चढवला नाही. "तात्या, ताट घेऊन बाहेर व्हा. सगळेच चला. बघणारे असले की माणसाला माघार घेता येत नाही. दार ओढून घ्या." मग त्याच्यापासून चार हात लांब, जमिनीवर बसल्या. "धीरज, मी इथं आहे. तू उभा राहिलास तरी चालेल."

तासाभरानं बाहेर आल्या. "झोपलाय. कुणी उठवू नका."

पदराला दारूचा भपकारा येत होता.

"काय बाई, तुम्हीही साथ दिलीत वाटतं?" मी म्हटलं.

त्या पदर धुवायला मोरीकडे गेल्या. संध्याकाळपर्यंत ही थट्टा मी चार घरांत बातमी म्हणून पोचवली. महिन्याभरात ती गावाकडं पोचली, आईबापांनी पोरं मेसमधून काढून घेतली, घरमालकानं जागा रिकामी करून मागितली.

सामान टेम्पोत चढताना मी विचारलं, "एका शब्दानं तरी खुलासा करायचा होतात."

"त्याचं नाव घ्यावं लागलं असतं, तात्या. त्याचा अजून एक अटेम्प्ट बाकी आहे."

तो अटेम्प्टही गेला. धीरज आता नोएडात नोकरी करतो. परवा भेटला, तेव्हा त्यानंच सांगितलं.

हेमलताबाईंनी दारूला कधी तोंड लावलं नाही. त्या दुपारी तो त्यांच्याजवळ बसून रडला आणि त्यांच्या पदरावर ओकला.