गिनतीत एक बाई जास्त

या सदरात लोक भुताखेतांचे जे अनुभव लिहितात ते मी आजवर करमणूक म्हणून वाचत आले, हे आधीच सांगून टाकते. आमचे बाबा भंडाऱ्याहून जबलपूरला डिफेन्सच्या कारखान्यात नोकरीला आले. कांचघरला आमची खोली होती. गल्लीत कोणा बाईच्या अंगात आलं की बाबा आम्हा बहिणींना मुद्दाम बघायला न्यायचे, आणि घरी आल्यावर समजावायचे की त्या बाईचं घरात कोणी ऐकत नाही, म्हणून ती असं करून राहिली. अशा घरात वाढलेली मी. वर आयुष्यभर जेल खात्यात नोकरी... माणसं मरताना पाहिली आहेत. त्यानंतर काही होत नसतं, एवढंच मला माहीत होतं.

मी महिला वॉर्डात प्रहरी होते. प्रहरी म्हणजे खाकी साडीतली पहारेकरीण. जेलचं नाव लिहीत नाही. जबलपूरच्या बाजूचंच, लहान जेल. उंच भिंतीच्या आत आणखी एक भिंत, आणि तिच्या आत बायकांचा वॉर्ड. एक लांब बराक, एक शिलाईची खोली, मधे कडुनिंब आणि पश्चिमेच्या टोकाला दोन कोठड्या. छत्तीसगड वेगळं होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आमचा बराच स्टाफ तिकडे गेला आणि जे उरले त्यांच्यावर सगळं येऊन पडलं. आमच्या वॉर्डात तर मुख्य प्रहरी पुष्पा मॅडम म्हणजेच सरकार.

बाहेरच्यांना वाटतं जेल कुलुपावर चालतं. जेल चालतं गिनतीवर. सकाळी बराक उघडायच्या आधी, दुपारी, आणि सूर्य मावळायच्या आत बंद करताना, अशी दिवसातून तीन वेळा माणसं मोजायची. बायका जोडी-जोडीनं उकिडव्या बसतात, मोजणारी पुढून मागे चालत जाते. आकड्याची चिठ्ठी जेलर साहेबांच्या ऑफिसात जाते. सगळ्या वॉर्डांची बेरीज रजिस्टरशी जुळली तरच पुढचं काम. नाही जुळली तर चहा नाही, कोर्टाची पेशी नाही, घरच्यांची मुलाकात नाही, आणि ड्यूटी संपली तरी आम्हाला घरी जाता येत नाही.

फुलवती ही शहपुऱ्याच्या पलीकडल्या एका गावची गोंड बाई. घरी मोहाची दारू काढली म्हणून पकडून आणलेली. शिक्षा झालेली नव्हती, नुसती केस चालू होती. पण जामीन राहायला कोणी आलं नाही, म्हणून आठ महिने आत. तिशीची असेल. बोलायची कमी, मशीनवर हात मात्र असा चालायचा की बघत राहावं. शिलाईच्या खोलीत कैद्यांचे कपडे शिवायचे असतात. पुष्पा मॅडम तिथे बाजारातल्या ब्लाउजांची थप्पी आणायच्या आणि रात्री बराकीत बसूनसुद्धा काजं-बटणं करायला लावायच्या. डोळे दुखतात म्हणणारीचं जेवण अर्धं व्हायचं.

महिन्यातून एकदा जज साहेब जेल बघायला यायचे. सगळ्या बायका हात जोडून उभ्या राहायच्या, साहेब विचारायचे, कोई तकलीफ? सगळ्या म्हणायच्या, नहीं साहब. एप्रिलच्या शेवटी आले तेव्हा फुलवती पुढे झाली आणि ब्लाउजांचं सगळं सांगून मोकळी झाली. साहेबांनी डायरीत लिहून घेतलं, अधीक्षकांना दोन शब्द सुनावले आणि ते गेले. तिसऱ्या दिवशी पुष्पा मॅडमना फुलवतीच्या कांबळ्यात ब्लेड सापडलं. ते तिथे कोणी ठेवलं हे अख्ख्या बराकीला माहीत होतं... मलासुद्धा.

तिला पश्चिमेच्या कोठडीत टाकलं. कोठडीचं दार लोखंडी पत्र्याचं, आणि दिवस मे महिन्याचे. जबलपूरचा मे ज्यांनी काढला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. फोडून हात कापून घेईल, असं सांगून मॅडमनी आतला पाण्याचा मटकाही बाहेर काढला. किल्ली त्यांच्या कमरेला.

दुसऱ्या दिवशी माझी ड्यूटी सकाळी सहा ते दोन. बाराच्या सुमाराला तिनं ताटली दारावर वाजवायला सुरुवात केली. मी शिलाईच्या खोलीत गेले. मॅडम कूलरसमोर बसल्या होत्या. म्हणाल्या, "तीन बार पानी पिला चुकी हूँ। नाटक कर रही है। तुम अपना काम करो।"

एकदाही दिलेलं नव्हतं. मी सकाळपासून तिथेच होते.

दाराखाली बोटभर फट होती. ग्लास जाईना. मग मी जगमधलं पाणी उंबऱ्यावरच ओतलं, आत वाहत जाईल म्हणून. आतून तिचे तळवे फरशीवर फिरल्याचा आवाज आला. दोनदा ओतलं. तिसऱ्यांदा मॅडमनी पाहिलं आणि जग हातातून काढून घेतला. मला म्हणाल्या, तुझी नोकरी पक्की व्हायला अजून चार महिने आहेत ना? मी हो म्हणाले. जेलरचं ऑफिस तिथून दोनशे पावलांवर होतं. मी गेले नाही. दोन वाजता ड्यूटी संपली आणि मी घरी आले.

संध्याकाळच्या गिनतीला कोठडी उघडली तेव्हा ती उंबऱ्याला गाल लावून पडलेली होती. संपलेली.

मॅजिस्ट्रेटची चौकशी झाली. मॅडमनी लिहून आणलेल्या कागदावर मी सही केली, की बंदिनीला तीन वेळा पाणी दिलेलं मी स्वतः पाहिलं. त्या दिवशी घरी माझ्या मिस्टरांनी विचारलं, "काहून जेवत नाहीस?" मी सगळं सांगितलं. ते रेल्वेत, शांत माणूस. ताट बाजूला ठेवलं त्यांनी, आणि चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

यानंतर दहा-बारा दिवसांनी सुरू झालं.

सकाळची गिनती. पुष्पा मॅडम मोजत गेल्या आणि म्हणाल्या, बेचाळीस. मी चिठ्ठी नेली. ऑफिसातून बाबू म्हणाला, एकेचाळीस पाहिजेत, बेचाळीस होत्या त्यातली एक मेली ना. मॅडमनी परत मोजलं. बेचाळीस. मला मोजायला लावलं. एकेचाळीस. आम्ही म्हटलं, घाई झाली असेल. संध्याकाळी परत तेच. दुसऱ्या दिवशी परत तेच. मी मोजलं, दुसऱ्या प्रहरीनं मोजलं, स्वतः जेलर साहेबांनी मोजलं, तर बरोबर. मॅडमनी मोजलं की एक जास्त. पुढे कोणी सुटली, कोणी नवी आली, आकडा बदलत राहिला, पण मॅडमचा आकडा आमच्यापेक्षा एकानं पुढेच. एक कमी भरली तर पळाली म्हणता येतं, घंटी वाजवता येते, शोधता येतं. एक जास्त भरली तर जेलवाल्यानं करायचं काय?

जेलर साहेबांनी डोळे तपासायला सांगितलं. मॅडमनी नवा चष्मा केला. आकडा तोच.

मला वाटलं, बायकाच काहीतरी करून राहिल्या आहेत. मोजताना कोणी मागे सरकत असेल. म्हणून एक दिवस मी खडू घेतला, प्रत्येकीच्या समोर फरशीवर नंबर लिहिला आणि सगळ्यांना सांगितलं, कोणी हलायचं नाही. त्या दिवशी एकोणचाळीस बायका होत्या. शेवटी सुकरती नावाची म्हातारी एकटीच बसली होती. तिचे गुडघे दुखायचे, म्हणून तिला नेहमी भिंतीजवळ शेवटीच बसवायचो. पुष्पा मॅडम एकेका नंबरावरून चालत गेल्या. सुकरतीपाशी थांबल्या. तिच्या शेजारच्या मोकळ्या फरशीकडे बोट करून मला सहज म्हणाल्या, "यहाँ नंबर लिखना भूल गई तुम।"

त्यांनी पुन्हा फरशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बाहेर गेल्या.

मी सुकरतीला विचारलं, तू एवढी जागा सोडून काहून बसतेस? ती म्हणाली, "आदत है, मैडम जी। फुलवती मेरी जोड़ी थी।" म्हणजे त्यालाही कारण होतं, साधंच. मी स्वतःला तेच समजावलं.

त्या दिवसानंतर मॅडमनी मोजणं सोडलं. मी मोजायची, त्या सही करायच्या. वॉर्डात यायच्या त्याही दाराशी उभ्या राहायच्या. ब्लाउज येणं बंद झालं. अंगानं उतरत गेल्या. बायकांना कळलं होतं सगळं. गिनतीच्या वेळी सगळ्या जणी एकदम गप्प व्हायच्या आणि मॅडमच्या तोंडाकडे बघत बसायच्या. खोटं कशाला बोलू... मलाही बरं वाटायचं. मी सही केलेला कागद फायलीत होता, तो मला काढता येत नव्हता. पण कोणीतरी मॅडमना सोडत नव्हतं, आणि मला ते हवं होतं.

डिसेंबरात जज साहेब आले. तेच, डायरीवाले. मधले महिने दुसरेच साहेब यायचे, ते रजिस्टर उघडत नसत. गिनतीच्या रजिस्टरात त्यांना जूनमधली खाडाखोड दिसली. बेचाळीस खोडून एकेचाळीस, चाळीस खोडून एकोणचाळीस, पान भरून तसंच. म्हणाले, मुख्य प्रहरी कोण? माझ्यासमोर मोजा.

सकाळचे साडेदहा झाले असतील. ऊन कोवळं, हवा गार, आम्ही सगळ्या स्वेटर घालून. अंगणात कडुनिंबाखाली बायका जोडीनं बसल्या. मॅडम मोजत गेल्या, अगदी हळू. एक आकडा सांगितला. साहेबांनी स्वतः मोजलं आणि म्हणाले, एक जास्त सांगताय, परत मोजा, प्रत्येकीच्या डोक्याला हात लावून.

मॅडम हात लावत निघाल्या. मी त्यांच्या दोन पावलं मागे, हातात रजिस्टर. शेवटी सुकरतीच्या डोक्यावर हात ठेवला. मग हात उचलून तिच्या शेजारी नेला आणि तिथेच, बसलेल्या बाईच्या डोक्याच्या उंचीवर, हवेत थांबवला. खाली मातीच होती. मी पाहिली. साहेबांनी पाहिली. मॅडमचा हात मात्र कशावर तरी टेकल्यासारखा तिथे राहिला, बोटं पसरलेली.

"गरम है," मॅडम म्हणाल्या. अगदी बारीक आवाजात.

साहेबांनी विचारलं, क्या गरम है? मॅडम हात काढायला बघत होत्या आणि तो निघत नव्हता, असं मला तरी वाटलं. मग एकदम सुटला आणि त्या खाली बसल्या. बसल्या बसल्या बोलायला लागल्या. ब्लेड मी ठेवलं, मटका मी काढला, पाणी दिलं नाही, कागद मी लिहून आणला. कोणी विचारलंही नव्हतं. साहेब उभेच्या उभे लिहून घेत होते.

हात त्यांनी मांडीवर उघडा ठेवला होता. तळव्यावर आणि बोटांवर पाण्यानं भरलेले फोड आले होते, तापलेल्या तव्यावर ठेवल्यासारखे. पाच मिनिटांपूर्वी तोच हात मला रजिस्टर देत होता. मी पाहिला होता, साफ होता.

त्यांनी पाणी मागितलं. माझ्याकडे बघून मागितलं. बादली चार हातांवर होती. मी जागची हलले नाही. शेवटी सुकरतीनं गुडघे धरत उठून ग्लास दिला.

त्याच दिवशी मी साहेबांसमोर माझा जबाब बदलला. खोटी सही केली म्हणून माझ्यावर विभागाची चौकशी बसली, पगारवाढ थांबली, नोकरी कशीबशी वाचली. मॅडम सस्पेंड झाल्या, मग अटक, मग जामीन होईपर्यंत काही महिने दुसऱ्या जिल्ह्याच्या जेलात, आणि शेवटी नोकरी गेली. तिथली एक प्रहरी पुढे मला ट्रेनिंगमध्ये भेटली. म्हणाली, गिनतीला पुष्पा कधी शेवटच्या जोडीत बसायची नाही, मारलं तरी नाही. जेल डॉक्टरांनी तळव्यावर भाजल्याच्या जखमा असं लिहिलं आहे. कशानं भाजलं, तो रकाना कोराच आहे. मिस्टर म्हणाले, अपराधी मन शरीरावर असे परिणाम करतं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. असेलही. बाबा असते तर तेच म्हणाले असते.

वॉर्डाची गिनती पुढे कितीतरी वर्षं मी घेतली. सही तर मीही केली होती. रोज शेवटच्या जोडीपाशी माझा पाय अडायचा. आकडा नेहमी बरोबर यायचा.

मागच्या वर्षी राइट टाउनला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले तर बाकावर पुष्पा मॅडम. मी ओळखलं नव्हतं, त्यांनीच हाक मारली. म्हाताऱ्या झालेल्या, सोबत कोणी नाही. इकडचं तिकडचं बोलल्या. मग माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "सुनंदा, सच बताना। उस दिन वहाँ कोई नहीं था ना? मेरा वहम था ना?"

इतकी वर्षं त्या हेच विचारायला कोणीतरी शोधत असणार. एक शब्द पुरला असता. आणि तो शब्द खराही होता, कारण मला तिथे मातीशिवाय काहीच दिसलं नव्हतं. तेव्हाही नाही, नंतरही कधी नाही.

मी म्हणाले, "थी, मैडम। मैंने भी देखी थी।"

त्यांनी मनगट सोडलं. माझा नंबर पुकारला आणि मी आत गेले. बाहेर आले तेव्हा त्या डोळे न दाखवताच निघून गेल्या होत्या.

गिनती का चुकायची, डिसेंबरच्या गारठ्यात हात कशानं भाजला, हे मला आजही सांगता येत नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणाला येत असेल तर जरूर कळवा. त्या बाकावर मी खोटं का बोलले, ते मात्र मला कोणी समजावायची गरज नाही.