दहा ते पंधराच्या वयातलं जेवण

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ताईंनी एकतीस वर्षं स्वयंपाक केला. मी त्यांच्या हाताखाली भाज्या चिरायचे आणि बोलणी खायचे. "कांदा चिरतेस की लाकडं फोडतेस?" हे रोजचंच. तीनशे माणसांपैकी कोणाला तिखट सोसत नाही, कोण दुसऱ्यांदा वाढून घेतं, त्यांना सगळं तोंडपाठ. घरी मात्र वाढून घ्यायला कोणी नव्हतं. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा. त्याला वाढवण्यात ताईंचं लग्नाचं वय निघून गेलं, आणि नोकरी लागल्यावर तोही वेगळा राहायला गेला.

या भावाला चौतिसाव्या वर्षी मल्टिपल स्क्लेरॉसिस निघाला. आधी एका डोळ्याला अंधुक दिसायला लागलं, मग पाय जड झाले. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच नसांच्या आवरणावर उलटतात म्हणे. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कोणाकडे मागायची?

त्याच्या दवाखान्यात या आजाराची पाहणी चालली होती. दहा ते पंधराच्या वयात काय काय खाल्लं, आठवड्यातून किती वेळा, असा लांबलचक फॉर्म. त्याला काही आठवेना, म्हणून फॉर्म ताईंकडे आला. माझं अक्षर बरं, म्हणून लिहायला मी.

"पालेभाज्या?"

"रोज लिही."

"मासे?"

"मंगळवार, शुक्रवार."

"तळलेलं?"

"क्वचित."

वार ऐकले आणि माझा हात थांबला. "ताई, हा तर आपल्या कॅन्टीनचा जेवणाचा फळा आहे, कोणत्या वारी काय ते लिहिलेला."

त्यांनी ओटा पुसायला घेतला. मग बोलल्या. कॅन्टीनचा नियम असा, की संध्याकाळची पाळी वाढून झाली की स्वयंपाकिणींनी तिथेच बसून पोटभर जेवायचं, पण घरी डबा न्यायचा नाही. न्यायची मुभा फक्त उरलेल्या तळणाची. दिवसभर दुसऱ्यांसाठी रांधून घरी पुन्हा शेगडी पेटवायचं त्राण नसायचं. सहा वर्षं पोरगा संध्याकाळी तळण आणि पाव खात होता.

"माझ्या वाटणीचं तळण मी रस्त्यातच खाल्लं, असं सांगायचे त्याला. आता तोच मला समजावतो, आपण दोघांनी एकच खाल्लं, तुला कुठे काय झालं? आणि मी मान डोलावते. खाई त्याला खवखवे म्हणतात ना. मी खाल्लं गं. भाजी, मासे, सगळं खाल्लं."

मला रागच आला. "अहो, खाण्याचा नुसता संशय आहे. ऊन कमी मिळण्याचा आहे, विषाणूचा आहे, घराण्यातून येण्याचाही आहे. खात्रीने सांगता येत नाही म्हणून तर विचारतायत. तुमच्यासारख्या शंभर बहिणींनी फळा उतरवून दिला तर त्यांना कळणार काय, कपाळ?"

"तुझा भाऊ असता म्हणजे कळलं असतं," त्या म्हणाल्या. मी फॉर्म फाडला.

रविवारी कोरा फॉर्म घेऊन आम्ही त्याच्याकडे गेलो. तो खिडकीजवळच्या खुर्चीत होता, काठी मांडीवर आडवी. बसायच्या आधीच ताईंनी सगळं सांगून टाकलं. तळण, पाव, रोजचं स्वतःचं भरलेलं ताट. वाक्यं पाठ करून आल्या होत्या, तरी दोनदा अडखळल्या. मग भाऊ काय बोलतो याची वाट बघत उभ्या राहिल्या. इतकी घाबरलेली बाई मी कॅन्टीनला आग लागली तेव्हाही पाहिली नव्हती.

त्याने काठी उचलून भिंतीला टेकवली.

"काय खायचो ते खरंच आठवत नाही गं. एकटा खायचो, तेवढं आठवतं," तो म्हणाला. "तू तुझं रस्त्यातच संपवून यायचीस. मला वाटायचं, ताईला माझ्याबरोबर जेवायला आवडत नाही."