फवारणीचा पाइप आणि वडिलांची मोटार

वडिलांची जुनी मोटार माझ्या लेखी क्लासिक आणि बायकोच्या लेखी भंगार. मागच्या जत्रेला तिच्या माहेरी, महाळुंगे पडवळला जाताना गाडी कळंबजवळ बंद पडली आणि आम्ही गावात शिरलो ते ट्रॅक्टरमागं दोराला बांधून. मेहुण्यांनी हलगी वाजवायची तेवढी बाकी ठेवली. त्याच दिवशी बायकोनं निकाल दिला, "पुढल्या जत्रेला गाडी आपल्या चाकावर माज्या माहेरी गेली तर ठिवा. न्हाई तर भंगारवाल्याला मीच फोन करनार."

इंजिनात पेट्रोल मोजून सोडणारा इंजेक्शनचा कॉम्प्युटर कायमचा गेला होता आणि तसला दुसरा कुठं मिळेना. अवसरीचा मिस्त्री म्हणाला, कॉम्प्युटरच काढून टाकू, जुन्या पद्धतीचा कार्ब्युरेटर बसवू. राहता राहिला पेट्रोलचा पाइप. "पेट्रोलचा जोर आता कमी लागंल, पन पाइप पेट्रोलचाच आना," त्यानं बजावलं. "तापल्या इंजिनावर गळलं तर गाडी पेटंल. तुकडा आठ दिवस पेट्रोलात बुडवून ठिवा, फुगला न्हाई तर घिऊन या. आपली रीतच हाय ती."

इथं माझं शेतकरी डोकं चाललं. येडगावला आमच्या शेडमध्ये टोमॅटोच्या फवारणी पंपाचा काळा पाइप वेटोळं घालून पडला होता. त्याच्यावरची अक्षरं उन्हानं केव्हाच पुसलेली. जो पाइप फवारणीचा दाब खातो, त्याला कार्ब्युरेटरची बारीक धार म्हणजे सुट्टीच की! आणि आम्ही मारतो ती औषधं काय कमी जहाल असतात?

आठवडा टोमॅटोच्या तोडणीतच गेला; मग तुकडा कापून बरणीतल्या पेट्रोलात बुडवला आणि बरणी फळीवर ठेवली. दोन दिवसांत माझा धीर सुटला. जत्रा तोंडावर आलेली, आठ दिवस कोण थांबतंय? पाइप साबणानं घासला, गाडीला पुरेल एवढा दुसरा तुकडा कापला, मिस्त्रीच्या दाराबाहेर मोटरसायकलच्या टाकीतलं पेट्रोल त्याला अत्तरासारखं चोळलं आणि साळसूद चेहऱ्यानं आत गेलो.

मिस्त्रीनं वास घेतला, तुकडा दाबून पाहिला. "आठ दिस व्हता?"

"पुरे आठ," मी म्हणालो. खोटं बोलताना लाज वाटली नाही, उलट गंमत वाटली. मिस्त्रीनं पाइप बसवला, गाडी गुरगुरली आणि मी ती ऐटीत घरी आणली. बरणीचा मला विसर पडला.

जत्रेच्या दिवशी बायको ठेवणीतली साडी नेसून, मांडीवर पिशवी घेऊन शेजारी बसली. नारायणगाव गेलं. कळंबला, जिथं मागं नाक कापलं गेलं होतं तिथं, मी मुद्दाम दोनदा हॉर्न वाजवला. तिनं पिशवी सावरली आणि खिडकीबाहेर पाहिलं. मला वाटलं, हरली म्हणून तोंड फिरवलं.

दारात मेहुणे टपलेलेच होते. "दाजी, ट्रॅक्टर कुटं ठिवला?"

मी याचीच वाट पाहत होतो. बॉनेट उघडून व्याख्यान सुरू केलं. "हा पाइप बघा. कशाचा आहे माहितीये? टोमॅटोच्या फवारणीचा! मिस्त्रीलासुद्धा कळलं नाही."

थोरला मेहुणा वाकला. "पन दाजी, ह्याच्यावर तर पेट्रोलचा म्हनून छापलंय."

मी वाकलो. कोरा करकरीत पाइप, वर पांढरी अक्षरं. माझा नव्हेच.

बायकोनं पिशवीतून बरणी काढली. पेट्रोल ओतून टाकलेलं, तळाशी माझा तुकडा, पाकात राहिलेल्या गुलाबजामासारखा टम्म फुगलेला. तिनं बोटानं दाबला तर त्याचा लगदा झाला. "लोनच्याची बरनी हुडकत शेडमदी गेले, तर ह्ये गावलं," ती म्हणाली. मी टोमॅटो घेऊन मार्केटला गेलो होतो, तेव्हा तिनं मिस्त्रीला बोलावून बरणी दाखवली आणि पाइप बदलून घेतला होता. मला चकार शब्दानं न सांगता.

मेहुणे हसून हसून ओट्यावर बसले. मीही हसलो, दुसरं करणार काय? मग तिला हळूच विचारलं, "तुला तर गाडी भंगारातच घालायची होती. मग पाइप कशाला बदललास?"

"गाडी घालायची व्हती," ती म्हणाली. "तुमाला न्हाई."

मला एकदम भरून आलं. आणि मग लाज वाटली, खरीखुरी. कारण गाडीला तो फवारणीचाच पाइप आहे असं समजून मी तिला शेजारी बसवून निघालो होतो.