चंपाक्काचं पाणी

चंपाक्का आमच्या दवाखान्यात फरशी पुसायला होती, पण तिची खरी नजर नळांवर. डॉक्टर हात धुऊन वळले की ही मागोमाग जाऊन नळ आवळायची. मोठ्या डॉक्टरांनाही सोडायची नाही. "सायेब, घरी बी असंच सोडता का?" असं इतक्या मायेनं विचारायची की रागावायचीही सोय नसे. गेल्या वर्षी ती गेली. अजून कुठं नळ ठिबकला की मी तिला शोधते.

बीदरबाहेरची आमची इमारत पाणी वाचवणारी म्हणून नावाजलेली. गच्चीवरचं पावसाचं पाणी तळघरातल्या हौदात जायचं. दुसऱ्याच उन्हाळ्यात हौदाचा तळ दिसला आणि बोअरही आचके देऊ लागली. डायलिसिसची दुपारची पाळी बंद करायचं जवळजवळ ठरलं. त्या पाळीत कमठाण्याचे वसंत गुरुजी होते. आठवड्यातून तीनदा शंभरेक किलोमीटरवरचं कलबुर्गी गाठणं त्या म्हाताऱ्या जिवाला झेपणार नव्हतं. डायलिसिसची नर्स मी. मला ते दिसत होतं.

एके दिवशी चंपाक्कानं मला मागच्या गटारापाशी नेलं. डायलिसिससाठी पाणी गाळताना खारट म्हणून बरंचसं बाहेर पडतं, ते तिथं पाइपातून वाहत होतं.

"शिस्टर, हे कामून सोडायलाव?"

मी म्हटलं, टाकाऊ आहे ते.

"टाकाऊ म्हनं. ह्यानं कुनाचं काय बिघडवलंय?"

मला न विचारता तिनं ते अंगणातल्या मोगऱ्याला घातलं. पंधरा दिवसांत मोगरा करपला. बाई दिवसभर जेवली नाही. समजूत काढायला गेले तर मलाच म्हणाली, "झाडाला न्हाई चालत. संडासाला चालतंय का, ते सांगा."

चालत होतं. मग प्लंबरच्या मागं लागून, इंजिनिअरपुढं ठाण मांडून तिनं ते पाणी संडासांच्या टाकीत आणि फरशीच्या बादल्यांत वळवून घेतलं. बोअरवरचा भार उतरला, दुपारची पाळी राहिली. इमारतीच्या माहितीपत्रकात चार ओळी वाढल्या, त्यात तिचं नाव नव्हतं. त्याचा मला अजून राग येतो.

गुरुजींना मात्र मी सगळं सांगितलं. मूत्रपिंड निकामी म्हणून त्यांना दिवसाचं पाणी मोजून मिळायचं, एक लहान बाटली. पुढच्या पाळीला चंपाक्का पुसत पुसत त्यांच्या खाटेपाशी आली, तेव्हा त्यांनी सुई नसलेल्या हातानं त्या बाटलीतून पेला भरून पुढं केला.

"नको गुरुजी, तुमचं मोजकं हाय."

"म्हणूनच देतोय. तुझी आई आमच्या विहिरीपासून लांब, घागर घेऊन बसायची. कुणी ओतंल म्हणून. मी बघायचो अन् शाळेला जायचो."

चंपाक्कानं तो घेतला. सवयीनं पेला उंच धरून वरून पिऊ लागली.

"तोंड लावून पी," गुरुजी म्हणाले.

तिनं ओठ लावले, दोन घोट घेतले. गुरुजींनी हात पुढं करून पेला परत घेतला आणि उरलेलं स्वतः पिऊन टाकलं.

नर्स म्हणून, संसर्गाच्या भीतीनं तरी, मी त्यांना अडवायला हवं होतं. मी यंत्रावरचे आकडे बघत उभी राहिले. एकही आकडा मला दिसत नव्हता.