डॅरिएनच्या धक्क्यावरचा नारळ

माझे सासरे जगन्नाथ हर्णैचे तांडेल, म्हणजे मासेमारीच्या होडीचे कप्तान. सासूबाई गेल्यावर होडी विकून, घराला कुलूप लावून माझ्या नवऱ्याने, संजीवने, त्यांना घाईघाईत अमेरिकेत, ॲटलांटाजवळ आमच्याकडे आणलं. त्या घाईत समुद्राला नारळ देऊन निरोप घ्यायचा राहून गेला. आता ते गराजमध्ये खुर्ची टाकून बसतात, शेजारच्या मुलांच्या सॉकर गोलच्या फाटक्या जाळ्या विणून देतात आणि कोणी थँक्यू म्हटलं की नुसती मान हलवतात.

यंदा बाबांचे गुडघे पार गेले. तेव्हा म्हणाले, एकदा निरोप घेऊन येऊ दे, मग काही मागणार नाही. समुद्र पाच तासांवर. दर नारळी पौर्णिमेला संजीव नेतो म्हणायचा आणि दर वेळी त्याचं ऑफिस आडवं यायचं. यंदाही त्याची ऑन-कॉल ड्युटी निघाली. शेवटी आपला हात जगन्नाथ म्हणत मीच गाडी काढली. आदला आठवडाभर कामाच्या धबडग्यात मीही धड झोपले नव्हते, पण ते कोणाला सांगणार!

डॅरिएन हे आमच्याच जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यावरचं जुनं, पेंगुळलेलं गाव. झाडांवरून करडं शेवाळ लोंबत होतं आणि घामाने कपडे अंगाला चिकटत होते. एका स्मारकापाशी बाबा थांबले आणि काय लिहिलंय म्हणून विचारू लागले. जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली माणसं इथे येऊन वसली, असं मी वाचून सांगितलं.

"परत गेली का कोणी?" त्यांनी विचारलं.

तेवढं काही लिहिलेलं नव्हतं.

धक्क्यावर कोळंबीच्या मोजक्याच बोटी उभ्या होत्या, जाळी वर टांगलेली. बाबांनी एकेक बोट निरखून पाहिली. इथे नदी आहे, समुद्र पुढे, असं मी म्हटल्यावर ते म्हणाले, चालतं, नारळ पोचतो. मग चप्पल काढून काठाशी गेले आणि पिशवीतून नारळ काढून त्यावरचं प्लॅस्टिक सोडवू लागले.

नारळाला मधोमध गोल रेघ होती, करवतीने कापलेली. फोडायला सोपा जातो म्हणून तसलाच मी मुद्दाम आणला होता, वर स्वतःच्या हुशारीवर खूश होते. बाबांनी रेघेवरून अंगठा फिरवला.

"हा देता येत नाही. अखंड लागतो."

देव समजून घेईल, असं मी म्हणून पाहिलं. त्यांनी नारळ पुन्हा पिशवीत टाकला. मला आधी त्यांचा राग आला, मग दुकानाचा, मग संजीवचा. स्वतःचा यायला जरा वेळ लागला. त्यांना बाकावर बसवून मी गावातलं दुकान गाठलं. तिथे नारळाचं दूध डब्यात होतं, नारळ नव्हता. परत आले तेव्हा मला रडूच येत होतं.

बाबांनी नारळ धक्क्याच्या खांबावर आपटला. तो रेघेवरून शहाण्यासारखा उघडला. एक वाटी त्यांनी माझ्या हातात दिली. आम्ही दोघं बोटींकडे बघत खोबरं चावत बसलो.

"सुनेत्रा," ते म्हणाले, "खरं सांगू? मला द्यायचाच नव्हता. दिला असता, तर संपलं असतं."

मी उरलेलं खोबरं पिशवीत भरलं. उठताना त्यांनी सगळा भार माझ्या खांद्यावर टाकला. पाच तास परत गाडी चालवायची होती आणि माझं अंग आंबून गेलं होतं. तरी पुढच्या नारळी पौर्णिमेला मीच त्यांना घेऊन येणार आहे, आणि नारळ आणणार आहे तो असाच, रेघ मारलेला.