आंगे चोझोमचं ‘मुळीच नाही’

भूतानमधल्या तांगच्या खोऱ्यात त्या सकाळी धुकं खाली उतरून शेतातच बसलं होतं. हिमाआधी बटाटे घरात यायला हवेत, म्हणून आंगे चोझोम उजाडल्यापासून कुदळ घेऊन वाफ्यात. सगळ्या गावाची ती आंगे, म्हणजे आजी. सत्तरी ओलांडलेली, पण हात अजून चालता.

तेवढ्यात केझांग आली. लोक किती सुखी आहेत ते घरोघर विचारत फिरणारी थिंफूची सरकारी पोर. झोप, गुरं, शेजारपाजार विचारून झालं, मग धर्माचा रकाना आला.

“आंगे, तुम्ही स्वतःला किती धार्मिक समजता? खूप, बऱ्यापैकी, थोडं, की मुळीच नाही?”

“मुळीच नाही.”

केझांग हसली. आमच्याकडे चहा पुढे आला की तोंडावर हात धरून ‘मेशू मेशू’, नको नको, म्हणायचं आणि तिसऱ्या आग्रहाला कप घ्यायचा. पहिला नकार कोण खरा धरतो? तिनं कागदावर ‘खूप’कडे पेन नेलं.

बांधावरून शेजारीण पेल्दोन ओरडली, “लिही गं खूप! हिची माळ जेवतानासुद्धा थांबत नाही. लामा लाजतील!”

“तू गप गं भवाने. पोरी, हे मेशू नाही. खरंच नाही.”

आंगे ढेकळावरच टेकली. “माझा म्हातारा, नामगे, गेल्या थंडीत एकटाच बर्फातून लाकडं आणायला गेला. जाऊ नको म्हणून घसा कोरडा केला मी. चौघांनी उचलून आणला. मेल्यानंतरचं एकोणपन्नास दिवसांचं सगळं रीतसर केलं. तेव्हापासून माळ फिरते, पण ओठांत मंत्र नसतो. दर मण्याला त्याला एक शिवी घालते. हट्टी. बहिरा. दगड. लोक म्हणतात, आंगे, आमच्यासाठीही जप कर. आणि मी मान हलवते. हे खोटं आता पेलवत नाही गं.”

पेल्दोन बांध उतरून जवळ आली.

“मग प्रार्थना किती वेळा, तिथं काय लिहू?” केझांगनं हळूच विचारलं.

“कधीच नाही. लिही आणि वाचून दाखव.”

केझांगनं लिहिलं. वाचलं. “मुळीच नाही. कधीच नाही.”

“हां.” आंगेनं मोठा श्वास सोडला.

“एकशे आठ शिव्या?” पेल्दोननं विचारलं. “मला माझ्या नवऱ्यासाठी वीसच्या वर सुचत नाहीत!”

“ये संध्याकाळी, शिकवते. पोरी, अजून किती प्रश्न?”

“चाळीस.”

“मग उभ्यानंच विचार, मला बसून चालायचं नाही.” आणि आंगे वाकून सडके बटाटे बाजूला काढायला लागली.