न हलणारे ठिपके

“विमानतळापासून वीस मैल,” पायलट म्हणाला. म्हणजे पेडण्याच्या डोक्यावर. माझ्या पडद्यावर मात्र त्याचा ठिपका अजून डिचोलीवरच होता.

मी तेव्हा गोव्यातल्या एका विमानतळावर एअर ट्रॅफिक कंट्रोलर होते. विमानांना एकमेकांपासून लांब ठेवायचं, हेच आमचं काम. रडार जुनं होतं. कुरकुरत का होईना, चालायचं.

हे विमान नुकतंच उडून उत्तरेला निघालं होतं, उंची आठ हजार फूट. समोरून, सिंधुदुर्गाकडून, दुसरं येत होतं, नऊ हजारांवर. पडद्यावर दोघांत भरपूर अंतर. पहिल्याला समुद्राकडे वळवायचं, दुसऱ्याला खाली घ्यायचं, हे रोजचंच. दुसरा पायलट खाली यायची परवानगी मागत होता. ‘या’ म्हणायला मी माइकच्या बटणावर बोटही ठेवलं होतं.

ते काढून घेतलं. डिचोलीवरचा ठिपका बघत राहिले. हलेना. दुसराही हलेना. विमान काही बसस्टॉपवर उभं राहत नाही.

दोघांनाही सांगितलं, “आहे ती उंची सोडू नका.” वर-खाली हजार फुटांचं अंतर असलं की एक विमान दुसऱ्यावरून सुखरूप जातं. रडार नव्हतं तेव्हापासूनची ही पद्धत.

शिफ्ट इन्चार्ज परबसर मागे येऊन उभे राहिले. “रनवेवर एक तयार आहे. सोडा की.”

“सर, डिपार्चर थांबवा. रडार अडकलंय.”

“अडकलंय? सगळी विमानं तर दिसतायत!”

“दिसतंय ते मघाचं आहे, सर.”

ते वाकले. ठिपक्यांकडे पाहिलं. टॉवरला फोन लावून रनवेवरचं विमान थांबवायला सांगितलं.

मी दोन्ही पायलटांना अंतर विचारत राहिले. नंतर टेपवर ऐकलं तर माझा आवाज अगदी शांत होता. मग वरचा पायलट म्हणाला, “आमच्या खालून एक विमान गेलं. दिसलं.”

मी खुर्चीत मागे टेकले. खूप वेळ टेकलेच नव्हते.

मेंटेनन्सचे गावस धावत आले. त्यांनी सिस्टिम पुन्हा चालू केली आणि ठिपके उडी मारून आपापल्या जागी आले.

“मॅडम, कॉम्प्युटर जाम जालो. पडद्यार जुनेंच चित्र रावलें,” ते म्हणाले. “ह्याचे पार्ट आता खंयच मेळनात.” इतक्या जुन्या रडारचे सुटे भाग कुठेच मिळत नव्हते.

परबसरांनी माझ्यापुढे चहा ठेवला. “मी तर सोडा म्हणत होतो,” एवढंच बोलले, आणि रिपोर्ट लिहायला बसले. त्यात त्यांनी हेही लिहिलं.

चौकशी झाली. नवी यंत्रणा यायला बराच काळ गेला. तोवर एक नियम लागला: पायलटने सांगितलेलं अंतर पडद्याशी ताडून बघायचं. नव्या रडारवरही मी तो सोडला नाही. यंत्र बंद पडलं तर माणूस आपोआप सावध होतो. बंद पडूनही ते चालू दिसत असेल, तर आधी कुणाला तरी शंका यावी लागते.